आतला शेक: लघवीची पिशवी अन् गुदाशय कसे वाचवतात, आणि गावातून निघताना बाईला काय सांगावं?

सीएचओ_घाटंजी

नमस्कार मंडळी, मी घाटंजीची सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या बाया आमच्या भागातून नागपूरला नाहीतर वर्धेला शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायला जातात. बाहेरचे २५ शेक होईस्तोवर घरच्यांना फारसं काही वाटत नाही. पण कार्डावर आतल्या शेकाचं 'एचडीआर, ७ ग्रे, ४ वेळा' (थोड्या वेळात जोराचा शेक, ग्रे हे त्याचं माप) असं लिहून आलं की विचारणं सुरू होतं. आत सळई घालतात म्हणे, लघवीची पिशवी जळते म्हणे, संडासच्या जागेतून रक्त जातं म्हणे. शेजारणीचं ऐकून मधेच थांबणाऱ्याही असतात.

मला हे नीट समजून घ्यायचं आहे. शेक गाठीला द्यायचा आणि तिला चिकटून असलेली लघवीची पिशवी, गुदाशय, आतडी वाचवायची, हे प्रत्यक्षात करतात कसं? नुसतं 'मशीन भारी आहे' असं उत्तर नको. दुसरं, यातलं किती बाईच्या आणि आमच्या हातात आहे? आदल्या दिवशी काय खायचं, जुलाबाची गोळी कशाला, लघवी भरलेली ठेवायची की रिकामी? एका कार्डावर रिकामी लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर १०० मिली भरा. सीझर किंवा नसबंदीचं ऑपरेशन आधी झालेलं असेल तर काही फरक पडतो का, तेही सांगा.

ब्रॅकी_डॉक्टर_नागपूर

ताई, आधी जागेचा अंदाज घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. गर्भपिशवीच्या तोंडाच्या पुढे लघवीची पिशवी, मागे गुदाशय. योनीची मागची भिंत आणि गुदाशय यांच्यात जेमतेम काही मिलिमीटरचा पडदा. वर डावीकडून सिग्मॉइड, म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा वळणाचा भाग, कधी गर्भपिशवीच्या माथ्यावर येऊन पडलेला असतो तर कधी नसतो.

शेक देणारा सोर्स म्हणजे किरण सोडणाऱ्या इरिडियम-१९२ चा तांदळाच्या कणीएवढा तुकडा, बारीक तारेच्या टोकाला बसवलेला. मशीन ती तार ॲप्लिकेटरच्या नळ्यांतून आत सरकवतं, ठरलेल्या जागी काही सेकंद थांबवतं, पुढच्या जागी नेतं आणि शेवटी परत ओढून घेतं. ॲप्लिकेटरचे भाग दोन: गर्भपिशवीत जाणारी टँडेम नावाची वाकडी नळी, आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंना बसणारे गोळ्यांसारखे दोन ओव्हॉइड. काही ठिकाणी ओव्हॉइडऐवजी रिंग वापरतात. घरचे ज्याला सळई म्हणतात ती टँडेम.

अवयव वाचवण्याचं खरं काम ऑपरेशन थिएटरात होतं, कॉम्प्युटरवर नाही. सोर्सपासून जितकं लांब तितका डोस कमी, आणि तो झपाट्याने कमी होतो. म्हणून योनीत ओल्या गॉजचं पॅकिंग भरतात, ज्याने लघवीची पिशवी पुढे आणि गुदाशय मागे ढकलला जातो. ऐकायला कापडाचा बोळा, पण अख्ख्या उपचारातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत हिशोबी वस्तू हीच.

पॅकिंग असं होतं. स्पायनल भूल दिल्यावर कॅथेटर घालून लघवी काढतात. सोनोग्राफीचा प्रोब पोटावर ठेवून गर्भपिशवीची खोली मोजतात, तोंड हळूहळू रुंद करतात आणि टँडेम आत सरकवतात. मग ओव्हॉइड. ते १.६, २, २.५, ३ सेंटीमीटर अशा व्यासाचे येतात. जागा असेल तर मोठा बसवायचा, कारण मोठ्या ओव्हॉइडमध्ये सोर्स योनीच्या भिंतीपासून लांब राहतो. त्यानंतर रिबन गॉज. सलाइन किंवा बीटाडीनने ओलं केलेलं, एक्स-रेवर दिसावं म्हणून त्यात थोडं पातळ केलेलं कॉन्ट्रास्ट. बहुतेक जण मागून सुरुवात करतात: ओव्हॉइड आणि मागची भिंत यांच्यामधे पट्टी घडी घालत बसवायची, मग पुढे लघवीच्या पिशवीच्या बाजूला, मग खाली योनीच्या तोंडापर्यंत. शेवटी टी-पट्टी, म्हणजे सगळं खाली घसरत नाही.

चुका कुठे होतात तेही सांगतो. गॉज ओव्हॉइडच्या वर गेलं, म्हणजे ओव्हॉइड आणि गर्भपिशवीचं तोंड यांच्यामधे शिरलं, तर ओव्हॉइड खाली ढकलले जातात. मग गाठीला डोस कमी पडतो आणि योनीच्या खालच्या भागाला नि गुदाशयाला जास्त मिळतो, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. हे बाजूने काढलेल्या एक्स-रे फोटोत लगेच दिसतं. तिथे दिसूनही 'चालतंय' म्हणून पुढे जाणं ही सगळ्यात महागडी चूक. पॅकिंग काढा, पुन्हा भरा. दहा मिनिटं जातात, जाऊ द्या. दुसरी चूक, कोरडं गॉज: काढताना कातडी सोलवटते. तिसरी, चार-पाच सुटे तुकडे भरणं. एखादा आत राहतो आणि आठवड्याने घाण वासाचं पाणी जायला लागतं. एकच लांब पट्टी वापरावी, दोन लागल्या तर गाठ मारून जोडाव्या, टोक बाहेर ठेवावं आणि किती भरलं ते केसपेपरवर लिहावं.

टँडेम बाजूच्या फोटोत लघवीची पिशवी आणि माकडहाडाच्या वरचं त्रिकास्थी यांच्या साधारण मधोमध यायला हवी. गर्भपिशवी मागे झुकलेली असेल तर टँडेमही मागे, गुदाशयाकडे जाते. मग टँडेम आत गेल्यावर फिरवून गर्भपिशवी पुढे आणायचा प्रयत्न करतात. जोर मात्र करायचा नाही. शेकाने मऊ झालेली गर्भपिशवी पटकन फुटते. टोक बाहेर गेल्याची शंका आली आणि सोनोग्राफीत ते दिसलं, तर त्या दिवशी सोर्स सोडायचाच नाही. टँडेम काढा, अँटिबायोटिक द्या, आठवड्याने पुन्हा घाला. फुटलेल्या पिशवीतून डोस दिला तर तो थेट आतड्यावर पडतो.

फिजिक्सवाला_वर्धा

डॉक्टरांशी सहमत, फक्त 'कॉम्प्युटरवर नाही' हे अर्धंच खरं. आकडे बघा.

एका बिंदूएवढा सोर्स धरला आणि गुदाशयाची भिंत २ सेंटीमीटरवरून २.५ वर नेली, तर डोस (२/२.५) चा वर्ग, म्हणजे ०.६४ पट होतो. अर्ध्या सेंटीमीटरने ३६ टक्के कपात. टँडेममध्ये सोर्स बऱ्याच जागी थांबतो, त्यामुळे तो रेघेसारखा वागतो आणि कपात थोडी कमी भरते, ढोबळ २० ते ३६ च्या मधे. तरी कापडाच्या चार घड्यांसाठी हा सौदा वाईट नाही.

आता मर्यादा. आतल्या शेकाचा एक ग्रे आणि बाहेरच्या शेकाचा एक ग्रे सारखे नसतात. एका दमात जास्त डोस दिला की अवयवांना तो जास्त लागतो. म्हणून सगळं २ ग्रेच्या भाषेत आणतात, त्याला ईक्यूडी२ म्हणतात. एका दमातला मोठा डोस कितपत लागतो ते सांगणारा आकडा म्हणजे अल्फा-बीटा, तो अवयवांसाठी ३ धरतात. सूत्र: एकूण डोस × (एका वेळचा डोस + ३) ÷ ५.

उदाहरण घ्या. बाहेरचे ४६ ग्रे, २३ वेळांत. ते २-२ ग्रेचेच असल्याने ४६ च राहतात. पुढे ७ ग्रे चार वेळा. प्रत्येक वेळी गुदाशयाच्या सर्वांत जास्त डोस मिळणाऱ्या २ सीसी भागाला ४ ग्रे गेले, तर ४ × ७ ÷ ५ = ५.६. चार वेळांचे २२.४. एकूण ६८.४. तेच पॅकिंग सैल पडून ५ ग्रे गेले, तर ५ × ८ ÷ ५ = ८, चार वेळांचे ३२, एकूण ७८. फक्त एका ग्रेचा फरक, पण गुदाशयाची ७५ ची हद्द ओलांडली गेली.

हद्दी एम्ब्रेस-२ या आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या प्रोटोकॉलच्या, सगळ्या २ सीसी भागासाठी: गुदाशय ७५, शक्यतो ६५ च्या आत. सिग्मॉइड आणि आतडी ७५, शक्यतो ७० च्या आत. लघवीची पिशवी ९०, शक्यतो ८० च्या आत. लघवीच्या पिशवीला प्रत्येक वेळी ५.५ ग्रे गेले तर एकूण ८३.४ होतात, ६ गेले तर ८९.२. म्हणजे अर्ध्या ग्रेत काठावर. गाठीची बाजूही बघायची असते. गाठीसाठी अल्फा-बीटा १० धरतात, त्या हिशोबाने ७ ग्रे चार वेळा म्हणजे ३९.७, अधिक ४६, झाले ८५.७. गाठीच्या ९० टक्के भागाला किमान ८५ हवेत. म्हणून 'अवयव वाचवायला डोस थोडा कमी करू' हे वाटतं तितकं निर्धोक नाही. तिथे कापलं तर गाठ परत येते.

कॉम्प्युटरवर करता येतं ते एवढंच: कुठल्या जागी सोर्स किती सेकंद थांबवायचा ते बदलणं. सिग्मॉइड माथ्याला चिकटलेलं असेल आणि आजार फक्त तोंडाशी उरला असेल, तर टँडेमच्या वरच्या एक-दोन सेंटीमीटरमधलं थांबणं काढून टाकता येतं. सिग्मॉइडपर्यंत पॅकिंग पोचत नाही, त्यामुळे त्याला वाचवायला हाच काय तो मार्ग. मात्र ओव्हॉइड तिरपे बसलेले असतील, गुदाशय दाबून चिकटलेला असेल, तर सेकंद इकडचे तिकडे करून भागत नाही. वाईट बसवलेल्या ॲप्लिकेटरला सुंदर प्लॅन करता येत नाही.

सीटी नसेल तिथे जुन्या पद्धतीने एक्स-रेवर बिंदू धरतात, किरणांची मापं ठरवणाऱ्या आयसीआरयू या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या १९८५ च्या ३८ व्या अहवालाप्रमाणे. गुदाशयाचा बिंदू योनीच्या मागच्या भिंतीच्या ५ मिमी मागे. लघवीच्या पिशवीचा बिंदू फॉली कॅथेटरच्या आतल्या टोकाच्या फुग्यावर: फुग्यात ७ मिली कॉन्ट्रास्टचं पाणी भरायचं, कॅथेटर हलकं खाली ओढायचं म्हणजे फुगा तळाशी टेकतो, आणि बाजूच्या फोटोत फुग्याची सर्वांत मागची कड धरायची. गुदाशयाच्या बाबतीत हा बिंदू बऱ्यापैकी साथ देतो. लघवीच्या पिशवीच्या बाबतीत फसवतो, कारण सर्वांत जास्त डोस बरेचदा फुग्याच्या वर, पिशवीच्या मागच्या भिंतीला असतो. बिंदूवर आकडा छान दिसतो आणि भिंतीला त्याहून कितीतरी जास्त गेलेला असतो.

रेडिओथेरपी_सिस्टर

ताई, तुमच्या हातातलं मी सांगते.

आदल्या दिवशीचं जेवण हलकं आणि चोथा नसलेलं. मऊ भात, मुगाचं पातळ वरण, ताक, दुपारपर्यंत साबुदाण्याची पेज चालते. तुरीचं घट्ट वरण, चणे, वाल, पोपटाच्या शेंगा, कोबी, वांगं, कच्चा कांदा आणि अंबाडीची भाजी त्या दिवशी नको. झुणका तर मुळीच नको, बेसनाने गॅस होतो. ज्वारीची भाकर एरवी चांगली, पण या एका दिवसापुरती बाजूला ठेवा, तिचा चोथा उरतो. तिखटाने लगेच इजा होत नाही, पण आतडं आधीच चिडलेलं असतं, म्हणून ठेचा नको.

कारण सांगा म्हणजे ऐकतात. गुदाशयात संडास किंवा गॅस असला की तो फुगतो आणि त्याची पुढची भिंत थेट ॲप्लिकेटरला जाऊन चिकटते. पॅकिंगने मिळवलेलं अंतर गॅसने परत जातं. म्हणून रात्री कार्डावर लिहिलेली जुलाबाची गोळी आणि सकाळी एनिमा. गोळी रात्री उशिरा घेतली की सकाळी एसटीत पंचाईत होते, म्हणून सात-आठ वाजता घ्यायला सांगा. लांबच्या गावची बाई असेल तर आदल्या दिवशीच शहरात पोचलेली बरी.

भूल असल्यामुळे सहा तास पोटात काही नको. उपाशी म्हणजे चहाही नाही आणि तंबाखू-सुपारीचा खर्राही नाही. हे 'खर्राही नाही' स्वतंत्र सांगावं लागतं. ते खाण्यात कोणीच मोजत नाही.

ॲप्लिकेटर बसल्यावर बाईने कमरेखाली हलायचं नाही. सीटी काढताना पाय सरळ होते तर शेक देतानाही सरळच. पाय दुमडले, कूस बदलली, उशी सरकवली की ॲप्लिकेटर काही मिलिमीटर सरकतो आणि वर फिजिक्सवाल्यांनी दिलेला सगळा हिशोब दुसऱ्याच जागेचा होतो. सीटीच्या टेबलवरून स्ट्रेचरवर, स्ट्रेचरवरून मशीनच्या टेबलवर, अशा दोन उचलण्यांत सर्वाधिक घोटाळा होतो. चौघांनी चादरीसकट सपाट उचलायचं आणि शेकाच्या आधी बाहेरची खूण जागेवर आहे ना ते बघायचं.

प्लॅन होईस्तोवर दोन-चार तास लागतात. तेवढ्यात पाठ भरते, भूल उतरते, बाई कण्हते. दुखण्याचं औषध मागायला लाजू नको, हे गावातूनच सांगून पाठवा. निमूट सोसत कूस बदलणारी बाई स्वतःचंच नुकसान करते.

सीएचओ_घाटंजी

सगळ्यांचे आभार, सिस्टर तुमचा खर्रा तर बोर्डावरच लिहिते. पण लघवीचं राहिलं. भरायची की रिकामी?

ब्रॅकी_डॉक्टर_नागपूर

दोन्ही पद्धती चालतात, म्हणूनच दोन कार्डांवर दोन सूचना. रिकामी पिशवी ठेवली तर भिंत सुरकुतलेली असते आणि पिशवी गाठीपासून थोडी लांब राहते, पण वरची लहान आतडी खाली घसरून गर्भपिशवीवर येऊन बसतात. ५० ते १०० मिली सलाइन भरलं तर आतडी वर ढकलली जातात, पण पिशवीची मागची भिंत ताणून टँडेमजवळ येऊ शकते. अंगाने बारीक बाई, पोटात चरबी कमी, अशा वेळी आतडी खाली पडतातच. तिथे भरलेली पिशवी बरी. माझं मत ७० च्या आसपास भरून ठेवण्याकडे आहे.

बाईला यात काही करायचं नसतं. कॅथेटर लावलेलं असतं, भरणं-काढणं आमच्याकडे होतं. घरून लघवी धरून यायची गरज नाही. तसं बाहेरच्या शेकाला करतात, दोन्हींत गल्लत होते.

फिजिक्सवाला_वर्धा

७० की १०० यावरून भांडण्यात अर्थ नाही. सीटीच्या वेळी जेवढी होती तेवढीच शेकाच्या वेळी हवी, हा खरा मुद्दा. स्पायनलसाठी अर्धा-एक लिटर सलाइन शिरेतून गेलेलं असतं. कॅथेटरला चिमटा लावून ठेवला आणि दोन तास प्लॅन चालला, तर ७० ची पिशवी दीडशे-दोनशेची होते. त्यावर सोर्स जुना असला तर आणखी वेळ. इरिडियमची ताकद रोज जवळपास एक टक्का उतरते आणि ७४ दिवसांत निम्मी होते. नव्या सोर्सवर सात-आठ मिनिटांत होणारा शेक तेव्हा चौदा-सोळा मिनिटं घेतो. कोबाल्ट-६० चं मशीन असेल तर ही अडचण कमी, त्याचा अर्धा काळ ५ वर्षांहून थोडा जास्त आहे.

उपाय साधा: चिमटा सोडून पिशवी पूर्ण रिकामी करायची, मोजून तेवढंच सलाइन पुन्हा भरायचं, लगेच शेक. सिरिंज आणि दोन मिनिटं, बाकी खर्च नाही.

ब्रॅकी_डॉक्टर_नागपूर

हे पटलं. रेक्टल रिट्रॅक्टरबद्दलही लिहून टाकतो, कारण काही बायांना गॉजऐवजी तो लावलेला असतो. टँडेमला जोडलेली चपटी पट्टी, जी योनीची मागची भिंत मागे दाबून धरते. बसवायला झटपट, दर वेळी सारखीच बसते, बाई कमी कण्हते. पण योनी आखडलेली असेल तर मावत नाही. आजार मागच्या भिंतीत उतरलेला असेल तर रिट्रॅक्टर त्या आजारालाच सोर्सपासून लांब ढकलतो, म्हणजे शत्रूलाच आडोसा. पुढच्या बाजूला, लघवीच्या पिशवीसाठी, गॉज भरावंच लागतं. नुसता रिट्रॅक्टर लावून पुढची बाजू मोकळी सोडणं मला पटत नाही.

सीझर आणि नसबंदीचं: हो, फरक पडतो. आधीच्या ऑपरेशनने आतडं गर्भपिशवीला किंवा आतल्या भिंतीला चिकटलेलं असू शकतं. मोकळं आतडं हलतं, त्यामुळे प्रत्येक शेकाला वेगळा तुकडा जवळ येतो आणि डोस वाटला जातो. चिकटलेलं हलत नाही, चारही वेळा त्याच २ सीसीवर डोस पडतो. म्हणून जुनी ऑपरेशनं, मधुमेह आणि बिडी यांची नोंद तुमच्या चिठ्ठीत ठळक असू द्या. सीझर झालेल्या बाईत लघवीची पिशवीही वर ओढून चिकटलेली असू शकते, मग पुढचं पॅकिंग तिथे फारसं हलवू शकत नाही.

आणखी एक, ज्याला अवयव वाचवण्याशी कोणी जोडत नाही: तारखा. पहिल्या बाहेरच्या शेकापासून शेवटच्या आतल्या शेकापर्यंत सगळं ८ आठवड्यांत संपायला हवं. लांबलं की दर दिवसामागे गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता अर्धा ते एक टक्का घटते. मधे खंड पडला की आटलेली गाठ पुन्हा भरते, योनीचा वरचा भाग अरुंद होतो, ओव्हॉइडला आणि गॉजला जागा उरत नाही. सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत बाया दोन आठवडे गायब होतात, आणि परत येतात तेव्हा पहिल्यासारखा ॲप्लिकेटर बसत नाही. हिमोग्लोबिन १० च्या वर ठेवा. रक्त भरायला म्हणून तारीख पुढे गेली असं व्हायला नको.

एमओ_ग्रामीण_रुग्णालय

नंतरचं मी लिहितो, कारण बाई तेव्हा आमच्याच ओपीडीत येते, नागपूरला नाही.

शेक चालू असताना आणि संपल्यावर काही आठवडे पातळ संडास, जळजळ हे अपेक्षित. ओआरएस आणि भरपूर पाणी द्या. एप्रिल-मेच्या उन्हात बाया पाणी कमी पितात, लघवी घट्ट होते आणि जळजळ दुप्पट जाणवते. लघवीची तपासणी करा, जंतुसंसर्ग असेल तर तो वेगळा बरा होतो.

उशिराचा त्रास सहा महिने ते दोन वर्षांत दिसतो, लघवीच्या पिशवीचा त्याहून उशिरासुद्धा. संडासवाटे लाल रक्त जायला लागलं की गावात सगळे 'मूळव्याध' म्हणतात आणि रस्त्याकडेच्या पाटीवाल्याकडे जातात. इंजेक्शन, रबर बँड, क्षारसूत्र, त्या भिंतीवर यातलं काहीच करायचं नाही. शेक लागलेल्या भिंतीचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो, जखम केली तर ती भरत नाही आणि योनी-गुदाशयात आरपार वाट पडू शकते. डॉक्टर लोकांनाही हेच लागू: गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचा तुकडा तपासणीसाठी उगीच काढू नका. रक्त थोडंच असेल तर सुक्राल्फेटचा एनिमा, २ ग्रॅम २० मिली पाण्यात, दिवसातून दोनदा, काही आठवडे. संडास मऊ ठेवा, हिमोग्लोबिन बघत रहा. थांबलं नाही तर दुर्बिणीतून आर्गॉन वायूने त्या रक्तवाहिन्या बंद करतात, त्यासाठी पाठवा. गाठ परत आल्यानेही रक्त जातं, म्हणून सगळं शेकाच्या माथी मारू नका. योनीतून सतत लघवी गळणं किंवा संडास येणं दिसलं तर त्याच दिवशी रेफर.

ॲप्लिकेटर काढल्यावर त्याच रात्री १०१ ताप आणि पोट कडक झालेलं असेल तर 'थकवा आला' म्हणून क्रोसिनवर भागवू नका. गर्भपिशवी फुटल्याची शक्यता धरून लगेच पाठवा. कॅथेटर काढून सहा तासांत लघवी झाली नाही तर तीही बघावी लागते.

योनी आखडू नये म्हणून महिन्याभराने, कातडी भरली की, डायलेटर (योनीत घालायची गुळगुळीत नळी) सुरू करतात, आठवड्यातून दोन-तीनदा, जेली लावून. लाजेपोटी हे कोणी विचारत नाही, विचारलं नाही की जागा बंद होते आणि पुढे तपासणीही करता येत नाही. हे काम सीएचओ ताई किंवा आशाताईच करू शकतात. पुरुष डॉक्टरने कितीही समजावलं तरी बाई मान हलवून जाते.

सीएचओ_घाटंजी

डायलेटरचं मी घेते माझ्याकडे. शेवटचं एक: आतला शेक घेऊन आलेल्या बाईचं ताट-वाटी वेगळी ठेवतात, नातवाला जवळ येऊ देत नाहीत. काही आधार आहे का?

रेडिओथेरपी_सिस्टर

काही नाही. शेक संपला की सोर्स मशीनच्या पेटीत परत जातो, बाईच्या अंगात काही उरत नाही. खोलीतून बाहेर आणायच्या आधी मीटर लावून तेही बघतात. नातू मांडीवर बसला तरी चालतं. एवढंच की भूल स्पायनलची होती, तर पहिल्या दिवशी पाणी भरपूर पाजा आणि उचलायला जड काही देऊ नका. आणि पुढच्या शेकाची तारीख त्याच वेळी कॅलेंडरवर लिहून घ्या. कार्ड पिशवीत राहतं आणि पिशवी खुंटीला.